वीस मिनिटांची रोजची उपासना: अँग्लिकन चौकटीत सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कशी चालवावी

पाळकसाहेब हजर नसले तरी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीतून आलेल्या, पद्धतीची रोजची प्रार्थना चालवता येते. त्यासाठी पवित्र शास्त्राच्या एकाच आवृत्तीच्या प्रती, क्रम छापलेला एक कागद, पुढे म्हणणारा एक जण आणि त्याला उत्तर देणारा निदान एक जण एवढं पुरतं. सुरू झालेली रोजची उपासना महिन्याभरात बंद पडते, त्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: ती लांबते. लांबली की लोक ती उरकायला लागतात, आणि उरकलेल्या प्रार्थनेला दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर एखादा भाग अख्खा गाळावा. जो भाग घ्याल तो मात्र सावकाश म्हणावा.

काय गाळायचं आणि काय नाही, हे कळायला ही चौकट कुठून आली ते थोडं माहीत हवं. मध्ययुगीन मठांत दिवसात आठ वेळा प्रार्थना होत. इंग्लंडचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ च्या बुक ऑफ कॉमन प्रेअर या प्रार्थनापुस्तकात त्या आटवून दोन केल्या. पहाटेच्या प्रार्थनांची मिळून एक सकाळची, आणि व्हेस्पर्स (सायंप्रार्थना) व कॉम्प्लिन (झोपण्याआधीची प्रार्थना) मिळून एक संध्याकाळची. या दोन्हींच्या पोटात स्तोत्रं, जुन्या कराराचा पाठ, गीत, नव्या कराराचा पाठ, गीत आणि प्रार्थना, एवढंच आहे. सुरुवातीचं पश्चात्तापाचं वचन, बोधवचन, पापांगीकार (पापांची कबुली) आणि क्षमेची घोषणा हा भाग १५५२ मध्ये पुढे जोडला गेला. शेवटी येणाऱ्या, राजासाठी वगैरे असलेल्या प्रार्थना १६६२ च्या पुस्तकात तिथे बसल्या. म्हणजे दोन्ही टोकं मागाहून आलेली आहेत, मूळ गाभा मधला. कात्री लावायची तर टोकांना लावा. स्तोत्र आणि पाठ यांना शक्यतो हात लावू नका.

ही मुभा नवी नाही. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्याने रविवार, नाताळ, राखेचा बुधवार, उत्तम शुक्रवार आणि स्वर्गारोहण दिन सोडून इतर दिवशी उपासना आखूड करायला परवानगी मिळाली. त्यामुळे आजच्या वीस मिनिटांच्या उपासनेला कोणी ‘अर्धवट’ म्हणालं तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांची एक अडचण वेगळी आहे. इथल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाचं मूळ मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, म्हणजे काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः बघते अशा) परंपरेत आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे सगळे एका छपराखाली आले. घरात मात्र सवय राहिली ती ‘उपासना संगीत’मधलं गीत, एक उतारा आणि मनाने, स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना अशी. पुस्तकातून म्हटलेली प्रार्थना अशा कानांना सुरुवातीला कोरडी वाटते. त्यावर उपाय म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नका. मनाने करायच्या प्रार्थनेला तिची जागा नेमून द्या. ती जागा कुठली, ते पुढे येईल.

वेळ आणि जागा

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सकाळची उपासना साडेसहाच्या आत सुरू व्हायला हवी आणि संध्याकाळची सातच्या आधी ठेवू नये. पत्र्याच्या छताखाली साडेपाचला बसलेली मंडळी स्तोत्र सोडून घड्याळ बघतात. यंत्रमागावर पाळीने काम करणारे सभासद असतील तर त्यांची पाळी विचारूनच वेळ ठरवा. मोठ्यांच्या सोयीने ठरवलेली वेळ त्यांना कधीच जमत नाही. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी माणसं येणार नाहीत हे धरून चाला, आणि त्या दिवशी दोघं जण असले तरी उपासना करा, पुढे ढकलू नका. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे मध्यभागातले रस्ते अडतात. ते दोन-तीन दिवस वाड्या-वस्त्यांवर घरोघरी प्रार्थना ठेवलेली बरी.

घंटा असेल तर सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी वाजवा. सोय म्हणून तर ती आहेच, पण घंटा वाजवून मगच सुरू करावं, असं १६६२ च्या पुस्तकातच पाळकांना सांगितलं आहे. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत माइक लावू नका. माइकमागे एकाचा आवाज मोठा होतो आणि बाकीचे हळूहळू पुटपुटू लागतात.

बाकं किंवा सतरंजी दोन बाजूंना समोरासमोर मांडता आली तर उत्तम, कारण स्तोत्र दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणायचं आहे. कागद एका ए-फोरची घडी घालून चार पानी करा. अक्षर सोळा पॉइंटचं, सगळ्यांनी म्हणायचं ते ठळक, पुढाऱ्याचं (पुढे म्हणणाऱ्याचं) साधं. यात कंजुषी केली की वयस्कर माणसं गप्प बसतात, आणि त्यांना सगळं तोंडपाठ असतं म्हणून खरा आवाज त्यांचाच असतो.

स्तोत्रं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या, म्हणजे १६६२ च्या, पुस्तकाप्रमाणे दीडशे स्तोत्रं महिन्यात एकदा पूर्ण होतात. तीस दिवस, रोज सकाळ आणि संध्याकाळ, असे साठ भाग. पहिल्या तारखेला सकाळी स्तोत्र १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. पंधराव्या संध्याकाळी एकटं ७८ वं, कारण ते लांबच लांब आहे. ११९ वं २४ तारखेच्या संध्याकाळपासून २६ च्या संध्याकाळपर्यंत तुकड्यांनी येतं. तिसाव्या संध्याकाळी १४७ ते १५०. महिना एकतीस दिवसांचा असेल तर ३१ तारखेला तिसाव्या दिवसाचीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची. फेब्रुवारीत जिथवर पोचलात तिथे थांबायचं आणि एक मार्चला पुन्हा पहिल्यापासून. राहिलेली ओढून-ताणून २८ तारखेला कोंबू नका.

एका वेळी सरासरी चाळीसेक वचनं होतात. सावकाश म्हटली तर सात-आठ मिनिटं. दिवसातून एकदाच जमत असाल तर एक महिना सकाळचे भाग घ्या आणि पुढचा महिना संध्याकाळचे. दोन महिन्यांत सगळं पुस्तक होतं. हेही जड जात असेल तर त्या दिवसाच्या भागातलं एकच स्तोत्र निवडा, पण निवडताना नेहमी २३ आणि १२१ कडेच वळू नका. रोज आवडीचं स्तोत्र घेतलं की तक्रारीची, रागाची, एकटेपणाची स्तोत्रं कधी तोंडात येतच नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांची गरज असलेला माणूस बाकावर असतो. शाप देणारी वचनं, उदाहरणार्थ १३७ व्या स्तोत्राची शेवटची तीन, मुलांबरोबर म्हणताना सोडली तरी चालतात. आधुनिक पुस्तकांतही तशी मोकळीक आहे.

आता म्हणायची रीत. प्रत्येक वचनाचे दोन भाग असतात, आणि थांबायचं ते मध्ये. इंग्रजी प्रार्थनापुस्तकात तिथे खूण छापलेली असते. मराठी शास्त्रात नसते, म्हणून पेन्सिलने उभी रेघ मारून घ्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, | मला काही उणे पडणार नाही.’ रेघेपाशी एक श्वास पूर्ण घ्यायचा. वचन संपल्यावर मात्र थांबायचं नाही, समोरच्या बाजूने लगेच पुढचं उचलायचं. बहुतेक मंडळ्या बरोबर उलटं करतात: मधे धावतात आणि शेवटी रेंगाळतात. मग स्तोत्र प्रश्नोत्तरासारखं तुटक होतं. तीन तुकड्यांचं लांब वचन असेल तर रेघ एकच मारा, अर्थ जिथे वळतो तिथे. दोन रेघा मारल्या की निम्मे एका ठिकाणी थांबतात, निम्मे दुसऱ्या.

वेग ठरवायचं काम पुढाऱ्याचं नाही. प्रत्येक बाजूला एक ठाम आवाजाचा माणूस बसवा आणि बाकीच्यांना सांगा, शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण फार मोठ्याने म्हणतोय. यंत्रमागाच्या गल्लीत खडखडाटामुळे सगळेच ओरडू लागतात. त्यापेक्षा खिडकी लावून जवळ-जवळ बसा. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी, आणि ११९ च्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, ‘पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव असो’ म्हणायचं. वेळ वाचवायचा असेल तर सगळ्या स्तोत्रांनंतर एकदाच म्हटलं तरी आताच्या पद्धतीत बसतं.

आवृत्तीचा गोंधळ वेगळाच. एकाकडे बायबल सोसायटीचं शास्त्र, दुसऱ्याकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर, तिसऱ्याच्या मोबाइलवर सोपी मराठी. तिघांनी एकत्र म्हटलं की दुसऱ्याच शब्दाला गाडी घसरते. एक आवृत्ती ठरवा, नाहीतर त्या दिवसाच्या स्तोत्राच्या झेरॉक्स काढा.

सकाळच्या सुरुवातीला स्तोत्र ९५ म्हणायची रीत आहे. सातव्या वचनात थांबलात तरी चालेल, जुन्या पुस्तकात अकराही आहेत. पण महिन्याच्या १९ तारखेला सकाळी ते नेमलेल्या स्तोत्रांतच येतं, म्हणून त्या दिवशी सुरुवातीला म्हणायचं नाही. ईस्टरच्या दिवशी त्याऐवजी १ करिंथ ५:७-८, रोम ६:९-११ आणि १ करिंथ १५:२०-२२ ही वचनं म्हणतात.

पाठ

पाठाचा सोपा हिशोब असा: नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय घेतला तर बावन्न आठवड्यांत नवा करार संपतो. जुन्या करारातून अख्खा अध्याय घेऊ नका, पंधरा-वीस वचनांचा उतारा पुरे. लूकचा पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे. तो तीन दिवसांत वाटा.

वाचकाने आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून पाहायलाच हवं. नहेम्या, गणना, इतिहास यांतली नावं आयत्या वेळी अडखळवतात. पुस्तक, अध्याय आणि पहिलं वचन सांगून अर्धा मिनिट थांबा, लोकांना पान सापडू द्या. वाचून झाल्यावर खुलासा करू नका. ‘याचा अर्थ असा की…’ असं एकदा सुरू झालं की पाच मिनिटं गेली. पाठानंतर मोजून एक मिनिट शांत बसा. पहिले काही दिवस ते मिनिट फार मोठं वाटेल आणि कोणीतरी घाईने गीत सुरू करेल. पुढाऱ्याने हाताने थांबवावं.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरंही मंडळीत असतात. एकत्र म्हणायचं ते एकाच भाषेत ठेवा, पण दोन पाठांपैकी एक तेलुगूत किंवा कन्नडमध्ये वाचायला हरकत नाही. बाकीचे आपापल्या शास्त्रात तोच उतारा बघतात. फक्त अध्याय आणि वचन मराठीत सांगायला विसरू नका.

गीतं

पाठांच्या मधली गीतं बहुतेक शास्त्रातलीच आहेत, त्यामुळे वेगळं पुस्तक लागत नाही. सकाळी जखऱ्याचं गीत, लूक १:६८-७९. संध्याकाळी मरीयेचं, लूक १:४६-५५, आणि शिमोनाचं, लूक २:२९-३२. सकाळच्या पहिल्या पाठानंतर ‘ते देउम’ हे जुनं स्तुतिगीत येतं. ते शास्त्रात नाही, प्रार्थनापुस्तकातूनच घ्यावं लागेल. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्याऐवजी तीन तरुणांचं अग्निकुंडातलं गीत म्हणायची १५४९ पासूनची रीत आहे, पण ते आपल्या दानीएलच्या पुस्तकात सापडणार नाही. तो भाग प्रोटेस्टंट शास्त्राच्या बाहेर राहिलेला आहे. शोधत बसू नका, स्तोत्र १४८ म्हणा. सृष्टीतल्या एकेकाला स्तुतीसाठी हाक मारण्याचा तोच धागा त्यात आहे.

‘उपासना संगीत’मधलं गीत घ्यायचं तर एकच, आणि दोन कडवी. संध्याकाळच्या पाठांच्या मध्ये ते शोभत नाही. तिसऱ्या विशेष प्रार्थनेनंतरची (विशेष म्हणजे नेमून दिलेली छोटी प्रार्थना, क्रम पुढे येईल) जागा मुळातच गायनासाठी सोडलेली आहे.

पापांगीकार, आणि पाळक नसताना काय

सुरुवातीला एक वचन वाचा: १ योहान १:८-९, योएल २:१३ किंवा लूक १५:१८-१९. मग थोडी शांतता, मग सर्वांनी पापांगीकार. यानंतरची क्षमेची घोषणा फक्त दीक्षित प्रेस्बिटरने (पाळकाने) करायची. सामान्य सभासद किंवा डीकन (प्रेस्बिटरच्या खालचा सेवक) चालवत असेल तर त्याने ‘देव तुम्हाला क्षमा करो’ असं उभं राहून म्हणू नये. गुडघ्यावरच राहून ‘आम्हाला क्षमा व शांती दे’ अशी प्रार्थना करावी. त्रैक्य रविवारानंतरच्या एकविसाव्या रविवारची विशेष प्रार्थना त्यासाठीच वापरतात. शेवटीही आशीर्वाद द्यायचा नाही. २ करिंथ १३:१४ सर्वांनी मिळून म्हणायचं, ‘आम्हा सर्वांबरोबर’ असा बदल करून.

पापांगीकार आणि क्षमेचा भाग झाला की ‘हे प्रभू, आमचे ओठ उघड’ आणि त्याचं उत्तर. हे स्तोत्र ५१:१५ मधून आलं आहे. घाईच्या दिवशी पापांगीकार गाळून थेट इथून सुरू करा. १५४९ च्या पुस्तकात पापांगीकार नव्हताच.

प्रार्थना

दोन्ही पाठांनंतर उभं राहून प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली), मग गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना, वचन-प्रतिवचनं आणि तीन विशेष प्रार्थना. पहिली त्या आठवड्याची, दुसरी शांतीसाठी, तिसरी सकाळी कृपेसाठी आणि संध्याकाळी रात्रीच्या संकटांपासून रक्षणासाठी. रविवारची विशेष प्रार्थना शनिवारी संध्याकाळपासूनच सुरू होते आणि आठवडाभर चालते. ॲडव्हेंटच्या (नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारची नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज जोडायची, राखेच्या बुधवारची संपूर्ण लेंटभर. हे दोन नियम कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, दरवर्षी विसरले जातात.

मनाने करायच्या प्रार्थनेची जागा इथे, तिसऱ्या विशेष प्रार्थनेनंतर. प्रत्येकाने एकच वाक्य: कोणासाठी आणि कशासाठी. मग सर्वांनी ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ ज्याची प्रार्थना उत्पत्तीपासून सुरू होऊन प्रकटीकरणापर्यंत जाते त्याला आधीच, एकट्याला गाठून, सांगून ठेवा. वार वाटून घेतले तर विषय भरकटत नाहीत: एक दिवस विणकर आणि विडी कामगार, एक दिवस आजारी, एक दिवस शाळा, एक दिवस शेती. जुन्या पुस्तकात पावसासाठी स्वतंत्र प्रार्थना आहे आणि पाऊस पडल्यावर म्हणायची आभाराचीही. आपल्या जिल्ह्यात पावसासाठीची प्रार्थना जूनपासून नेमाने होते. आभाराची राहून जाते. ती त्याच कागदावर, पहिलीच्या खाली छापा.

वीस मिनिटांची वाटणी साधारण अशी बसते: सुरुवात आणि शांतता दोन, स्तोत्र (एकच घेतलं तर) पाच, पहिला पाठ तीन, गीत दोन, दुसरा पाठ तीन, मतांगीकार आणि प्रार्थना पाच. दोन गीतं घ्यायची असतील तर एक पाठ कमी करा.

नव्या पुस्तकांत काय बदललं

भारतीय अँग्लिकन मंडळीने १९६० मध्ये स्वतःचं प्रार्थनापुस्तक केलं. इंग्लंडच्या मंडळीने २००५ मध्ये ‘कॉमन वर्शिप: डेली प्रेअर’ काढलं. त्यात साध्या काळात आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळा नमुना आहे, आणि ॲडव्हेंट, लेंट, ईस्टर वगैरे काळांना आपापला. सकाळी एकच शुभवर्तमानातलं गीत, जखऱ्याचं. संध्याकाळी मरीयेचं. शिमोनाचं गीत रात्रीच्या प्रार्थनेकडे गेलं. विविधता छान, पण रोजच्या छोट्या गटाला सतत बदलणारं पान त्रासाचं होतं. निदान पहिलं वर्ष एकच नमुना ठेवा आणि फक्त स्तोत्र, पाठ आणि विशेष प्रार्थना बदलू द्या. तोंडपाठ झालं की माणसं कागदाकडे न बघता म्हणायला लागतात, आणि नेत्रदोष असलेल्यांना, वाचता न येणाऱ्यांनाही मग भाग घेता येतो.

रात्रीची प्रार्थना, म्हणजे कॉम्प्लिन, घरी करायला सगळ्यात सोपी. स्तोत्र ४, ९१ किंवा १३४, एक छोटं वचन, शिमोनाचं गीत, प्रभूची प्रार्थना, झोपण्याआधीची विशेष प्रार्थना. दहा मिनिटं. यानंतर गप्पा नकोत, उद्याचं डब्याचं काय ते आधी ठरवून घ्या.

फोनवरून उपासना

मुलं पुण्याला, आई-वडील विजापूर रोडला, अशा घरांत व्हिडिओ कॉलवर प्रार्थना होते. तिथे एकत्र म्हणायला जाऊ नका. आवाज एकमेकांपर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो आणि प्रभूच्या प्रार्थनेचा पार कालवा होतो. एकाने पुढे म्हणायचं, दुसऱ्या एकानेच सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपल्या जागी मोठ्याने म्हणायचं. स्तोत्रही दोनच आवाजांत, वचनागणिक. त्या दिवसाची स्तोत्रं आणि पाठ यांचे आकडे आदल्या रात्री ग्रुपवर टाका, सकाळी टाकलेला मेसेज निम्म्या लोकांना उपासना संपल्यावर दिसतो. ऑडिओ रेकॉर्ड करून पाठवणार असाल तर उत्तरांच्या जागी तेवढी शांतता सोडा. ऐकणाऱ्याला बोलायला जागा ठेवली नाही तर तो ऐकत-ऐकत स्वयंपाक करतो.